घरी केलेली खरखर

दादांकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक एकच असायची, "लई खरखरतोय वो." मग तो शेतकऱ्याचा रेडिओ असो, शाळेचा माईक असो नाहीतर देवळातला कर्णा. दादा म्हणजे माझे वडील. श्रीगोंद्यात पेठ संपते तिथं आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढची खोली दुकान, मागची संसार, आणि मध्ये आईनं जुन्या लुगड्याचा पडदा लावलेला. पडद्याच्या अलीकडे दादांच्या सोल्डरची राळ जळायची, पलीकडे लसणाची फोडणी. दोन्ही मिळून जो एक वास व्हायचा, तो मला नंतर कुठल्याच घरात सापडला नाही. आईचं शिवणयंत्रही मागच्याच खोलीत होतं. ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, त्यामुळे पुढं रेडिओची कुरकुर आणि मागं यंत्राची खडखड, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ लांबून साखर कारखान्याचा भोंगा. त्या भोंग्यावर आमचं जेवण ठरायचं. हुलग्याची शेंगोळी शिजून तयार असली तरी दादा हातातला रेडिओ बोलता झाल्याशिवाय उठत नसत. आई पडद्याआडून म्हणायची, "त्या खोक्याला बोलतं करताय, जरा घरच्यांशी बी बोला." दादा त्यावरही बोलत नसत.

मी दुकानात कशी आले ते सांगण्यासारखं काही नाही. चहा द्यायला आले आणि परत गेलेच नाही. दादांना जवळचं कमी दिसायला लागलं होतं. रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे ते मला विचारायचे, मी सांगायची. मग बॅटरी धरायची, मग सोल्डरचा टाका सोडवायचा, मग टाका घालायचा. बारावी होईपर्यंत मी साध्या रेडिओचा दोष कानानं ओळखायला लागले होते. दादांना हे ठाऊक होतं, पण ते कधी कुणाला सांगत नसत. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "सुमे, आत जा." मग मी आत जायची, आणि गिऱ्हाईक गेलं की परत येऊन त्याच रेडिओचं पोट उघडायची. माझं नाव सुमन, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं.

मला नगरला जाऊन इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता. आता शहराचं नाव बदललंय, पण माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं, त्याला इलाज नाही. दादांना विचारलं की ते म्हणायचे, "बघू." नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. 'बघू'शी भांडायचं कसं? त्या वर्षीची फॉर्मची तारीख त्या 'बघू'त बुडाली. पावसाळा सरता सरता मावशीनं वांबोरीहून एक स्थळ सुचवलं, आणि तुळशीचं लग्न झालं की पाहुणे बघायला येणार असं घरात बोललं जायला लागलं. दादा वाईट नव्हते. हॉस्टेलात पोरगी, चारचौघांत पोरगी, पोरांच्या वर्गात एकटी पोरगी, एवढं त्यांच्या डोळ्यांसमोर यायचं आणि ते गप्प व्हायचे. पुढं मी हाच विषय शिकवायला लागले, आणि माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुली बसलेल्या पाहून निवृत्त झाले. त्यांना ही 'बघू'ची गोष्ट सांगितली की त्या हसायच्या. मला ते हसू आवडायचं.

त्या वर्षी भाद्रपदात साळवेमामा गिटार घेऊन दुकानात आले. साळवेमामा कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते, मूळ नगरचे. तिथल्या चर्चमध्ये लहानपणी गिटार शिकलेले. आईला त्यांनी बहीण मानलेलं, म्हणून मामा. दर रविवारी प्रार्थनेला वाजवायचे आणि दसऱ्याच्या शिलंगणाला गावच्या बेंजो पार्टीत वाजवायचे. आमच्या गावाला त्यात काही वेगळं वाटत नसे. पालखीपुढं ट्रॅक्टरची ट्रॉली असायची, ट्रॉलीवर दगडूवस्तादांचा बेंजो, ढोल, ताशा आणि कोपऱ्यात साळवेमामा. अडचण एवढीच होती की ते वाजवतात हे दिसायचं, ऐकू कधीच यायचं नाही.

"वस्ताद म्हणतो, तुझी गिटार हाय का मच्छर," मामा स्टुलावर बसत म्हणाले. "म्हणतो, या दसऱ्याला नाही ऐकू आली तर ट्रॉलीत जागा आडवायची नाही. पुण्याला माझा मावसभाऊ आहे ना, त्याच्याकडं एक डबा पाहिला. पायानं दाबला की गिटार गुरगुरते बघा दादा. वाघासारखी. तसा एक करून द्या."

दादांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजी नेमकं काय हुतं त्यात?"

"आवाज फाटतो."

"फाटतो?" दादांना वाटलं आपल्या ऐकण्यात काही चुकलं. "अरे, सारी जिंदगी म्या फाटलेला आवाज शिवतोय. आन तू चांगला आवाज फाडून मागतोस? माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. कुनी बघितलं तर म्हनंल, म्हाताऱ्याचा हात गेला."

मामांनी खिशातून चर्चच्या प्रार्थनेचं पत्रक काढलं. त्याच्या कोऱ्या पाठीवर मावसभावानं पेन्सिलीनं सर्किट काढून दिलेलं होतं. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर, तीन कपॅसिटर. दादांनी ते न बघताच परत सरकवलं. मी पडद्याआड होते. मला ते चित्र उलटं दिसत होतं, तरी पहिल्या नजरेत कळलं की दादांच्या निकामी रेडिओंच्या ढिगात यातलं सगळं आहे.

"मामा, मी करते," मी पडद्यातून डोकं काढून म्हणाले.

गिऱ्हाइकासमोर मी पहिल्यांदा बोलले होते. मागनं यंत्राची खडखड थांबली. आई बाहेर आली, तोंडातली दोऱ्याची गाठ तशीच धरून. माझी आई सातवी शिकलेली, पण कोणत्या वेळी कोणत्या दाराला धक्का द्यायचा हे तिला बरोबर कळायचं. ती म्हणाली, "करू द्या की. न्हाई जमलं तर पाहुन्यांना बघायला बोलवा, मी बी मधी पडनार न्हाई. आन दसऱ्याला वाजला डबा, तर पुढल्या साली फारम भरायचा. दादा, भावासमोर बोला."

'दादा' ही हाक आई एरवी कधी मारत नसे. ती मारली की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं. दादांनी मामांकडं पाहिलं, मग छपराकडं पाहिलं. "वाजला तर," ते म्हणाले. 'बघू' सोडून दुसरा शब्द त्यांच्या तोंडून मी त्या विषयावर पहिल्यांदा ऐकला.

पट्ट्यांचा बोर्ड मामांनी पुण्याहून मागवून दिला. आमच्या दुकानात तसली वस्तू कधी आलेलीच नव्हती. दादांच्या काळातली कामं लोखंडी पत्र्यावर, जाड जाड टोकांवर व्हायची, दोन टाक्यांमध्ये बोट जाईल एवढी जागा. हा बोर्ड म्हणजे बिस्किटाएवढा चपटा तुकडा. एका बाजूनं नुसती भोकं, दुसऱ्या बाजूला तांब्याच्या बारीक पट्ट्या शेजारी शेजारी, शेतातल्या सऱ्यांसारख्या. वरून भोकात पाय घालायचे, खाली पट्टीवर टाका घालायचा. एका पट्टीवर जे जे बसेल ते आपोआप जोडलं जातं. जिथं जोड नको असेल तिथं ड्रिलचं पातं भोकात धरून हातानं फिरवायचं आणि पट्टी तोडायची. मी गणिताच्या चौकटीच्या वहीत आठ दिवस आकृत्या काढल्या. एक चौकट म्हणजे एक भोक. शेवटी एक आकृती जमली, तशा पट्ट्या तोडल्या, सगळं सोल्डर केलं, सेल लावले. डबा मेलेला. आवाज फाटलेला नाही, साफही नाही, काहीच नाही.

तीन दिवस मी दोष शोधत होते. चौथ्या दिवशी आईच्या यंत्राजवळ बोर्ड घेऊन नुसती बसले होते, डोळ्यांत पाणी होतं पण ते राळेच्या धुराचं आहे असं सांगायची सोय होती. आईनं वही पाहिली, बोर्ड पाहिला, उलटा केला, परत सुलटा केला. "हे चित्र कोनत्या अंगानं काढलंस?" तिनं विचारलं. मी म्हणाले वरच्या. "आन कापलंस कोनत्या?" खालच्या. ती हसायलाच लागली. "अगं येडे, कापड पालथं घालून खडूची खून केली की डावी बाही उजवी हुती. पहिल्या साली मी शेजारनीचं दोन ब्लाऊज असंच वाया घालवलं." माझा प्रत्येक काप आरशातल्यासारखा चुकीच्या भोकात पडला होता. मी पुढं वीस-बावीस वर्षं पोरांना सर्किट शिकवलं, आणि दर वर्षी पहिल्या तासाला एक कापडाचा तुकडा आणि खडू घेऊन गेले. हे कुठल्या पुस्तकात आहे म्हणून एकदा एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. मी सांगितलं, श्रीगोंद्याच्या प्रतीत आहे.

दुसरा बोर्ड करताना दादा माझ्याकडे बघत नसत. पण सकाळी उठून पाहावं तर माझ्या बोथट पात्याला धार लागलेली असायची. त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात आयुष्यभर मेलेल्या रेडिओंमधून काढलेले ट्रान्झिस्टर. तो डबा ते कुणाला हात लावू देत नसत. एका दुपारी तो माझ्या पाटाशेजारी ठेवलेला दिसला. मी त्यातले चाळीसेक ट्रान्झिस्टर एकेक करून लावून पाहिले. काहींनी आवाज खाल्ला, काही सापासारखे फुसफुसले, आणि दोन असे निघाले की गिटारची तार छेडल्यावर कर्ण्यातून खरंच काहीतरी दात दाखवत बाहेर आलं. पायानं दाबायच्या बटणासाठी मामांनी कारखान्याच्या गॅरेजातून एका जुन्या जीपचा डिपर आणला. ड्रायव्हर ज्यावर पाय ठेवून दिवे खाली-वर करायचा तो. घरातला एक मोडका पाट कापून त्यावर डिपर बसवला, शेजारी माझी शाळेची कंपासपेटी स्क्रूनं आवळली आणि पेटीत बोर्ड पालथा ठेवला, तांब्याच्या पट्ट्या वर, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. झाकण दाबलं की टक् करून बंद.

नवरात्राच्या सातव्या माळेला मामांनी दुकानात पहिल्यांदा त्यावर पाय दिला. मी सांगते, तो आवाज सुंदर नव्हता. उसाच्या चरकात पत्रा अडकावा तसा होता. पण मामांनी दोन तारा एकदम छेडल्या आणि रस्त्यावरून जाणारी बैलगाडी थांबली. आई पीठ लागलेले हात घेऊन बाहेर आली. दादा मान खाली घालून पूर्ण ऐकत राहिले. आवाज विरल्यावर म्हणाले, "झालं का मनासारखं बिघडून?" आणि परत आपल्या रेडिओत डोकं घातलं. ते हसले होते की नाही यावर आईचं आणि माझं बरेच दिवस एकमत नव्हतं.

आता खंडेनवमीबद्दल सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-कोयता पुजतो, आई शिवणयंत्र आणि कात्री पुजायची, दादा त्यांचा मीटर, पकड, सोल्डरचं आयर्न. पूजेनंतर त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हातही लावायचा नाही. यात दादांचे स्वतःचे दोन नियम होते. एक, ज्या हत्यारानं वर्षभरात काम केलं तेच पाटावर बसणार. मी नववीत असताना माझी छोटी पकड हळूच पाटावर ठेवली होती, ती त्यांनी उचलून मला परत दिली होती. "हे खेळनं हाय. आवजारात नगं." दुसरा नियम, कुंकू वरवर लावायचं नाही. खोक्याला कुंकू लावणं म्हणजे माणूस सोडून त्याच्या सदऱ्याला टिळा लावणं, असं ते म्हणायचे. अॅम्प्लिफायरचं झाकण काढून आतल्या पत्र्यावर ते पाण्यात कालवलेलं हळदकुंकू बोटानं लावायचे, दोन अक्षता टाकायचे, झाकण लावायचे. जाड पत्र्याला कशाचा त्रास होणार? इतकी वर्षं काही झालं नव्हतं.

त्या खंडेनवमीला सकाळी आईनं मला कारखान्याच्या कॉलनीत मामांकडे कडाकण्या द्यायला पाठवलं. घटावर बांधायच्या कडाकण्या तिनं पहाटेपासून तळायला घेतल्या होत्या. मामांच्या घरी पहिली टोपली आमच्याकडनं जायची आणि नाताळात त्यांच्याकडनं पहिली आमच्याकडे यायची. मी परत आले तर पूजा झालेली. पाटावर मीटर, पकड, आयर्न, झेंडूची फुलं, आणि एका कडेला माझी कंपासपेटी. मला वाटलं, आईनंच हळूच ठेवली आणि दादांच्या लक्षात आलं नाही. मी पडद्यातून आईकडं बघून हसले. तीही तळता तळता हसली. आम्हा दोघींचं हसणं वेगवेगळ्या गोष्टींवर होतं हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. पेटीला हात लावायचा नव्हता, म्हणून मी लावला नाही.

दसऱ्याला दुपार कलल्यावर पालखी निघाली. ट्रॉलीवर दादांचा अॅम्प्लिफायर, ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेला, पुढं दोन कर्णे. दादा ट्रॉलीत एका खोक्यावर बसलेले, मी मामांच्या पायाशी, कारण डब्याची जबाबदारी माझी. पोरगी ट्रॉलीत चढली म्हणून चार लोकांनी मान वळवून पाहिलं. पाहू दे म्हटलं. वेशीबाहेर आपट्याच्या झाडापाशी सगळं गाव जमलेलं, पुरुषांच्या टोपीत घटातले गव्हाचे कोंब खोवलेले. दगडूवस्तादांनी बेंजो थांबवला आणि मोठ्यानं म्हणाले, "हां साळवे, आता तुमचं मच्छर सोडा."

मामांनी डिपरवर पाय दिला आणि तार छेडली. कर्ण्यातून 'फुर्र' असा ओलसर आवाज आला, शिंक अर्ध्यात राहावी तसा, आणि मग काही नाही. परत पाय, परत तार. फुर्र. लोक हसले. पोरं तोंडानं तसाच आवाज काढायला लागली. मला पालखी दिसेना, माणसं दिसेनात, फक्त वांबोरीचे न पाहिलेले पाहुणे आमच्या ओट्यावर चपला काढताना दिसले.

"ट्रॉली थांबवा," मी ओरडले. कुणाला ओरडले माहीत नाही, पण ड्रायव्हरनं थांबवली. झाकण उघडलं. आत तांब्याच्या पट्ट्यांवर चांगला बोटभर रुंद हळदकुंकवाचा लपका होता, बंद पेटीत अजून ओला, त्यावर दोन अक्षता. पाच-सहा पट्ट्या त्या ओल्या लपक्यानं एकमेकींना बांधल्या गेल्या होत्या. तोडलेल्या जागासुद्धा बुजून गेल्या होत्या. माझा संताप अनावर झाला. "आईला किती येळा सांगितलं, उघड्या कामाला हात लावू नगं!" मी सगळ्यांदेखत म्हणाले. "तिला काय कळतं यातलं?"

दादा खोक्यावरून उठले. त्यांचं तोंड उतरलेलं होतं. त्यांनी पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि जुना दात घासायचा ब्रश काढला आणि माझ्यासमोर धरला. मग आपल्या धोतराचा सोगा पसरून माझ्या डोक्यावर सावली धरली, कारण उन्हं थेट तांब्यावर येऊन डोळे दिपत होते. मी ब्रशनं घासलं, केसातला आकडा काढून पट्ट्यांमधल्या फटी खरवडल्या, परत स्पिरिट, परत आकडा. दादा वरून वाकून बघत होते. "तिसरी आन चौथी," ते हळूच म्हणाले. "थोडं हाय अजून." त्यांना जवळचं दिसत नव्हतं, तरी त्यांना ते कसं दिसलं, देव जाणे. मी खरवडलं, फुंकर मारली, झाकण लावलं.

मामांनी पाय दिला. त्यानंतर जे झालं ते आमच्या गावात जुनी माणसं अजून सांगतात, आणि दर वेळी थोडं वाढवून सांगतात, म्हणून मी कमीच सांगते. गिटार गुरगुरली. पहिल्या आवाजाला रस्त्याकडेच्या बैलगाडीचा बैल बुजला आणि दुसऱ्या आवाजाला ढोलवाला आपोआप सुरू झाला. मामांनी देवीची आरती त्या फाटक्या आवाजात अशी वाजवली की पालखीचे भोई जागच्या जागी नाचायला लागले. दगडूवस्तादांनी बेंजो मांडीवर आडवा ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मी ट्रॉलीत बसून रडत होते. या वेळी राळेचा धूर नव्हता, त्यामुळे सांगायला काही सोय नव्हती.

घरी आल्यावर आईनं आम्हाला ओवाळलं. माझ्या डोक्यात राग होताच. मी म्हणाले, "आई, काम झालं, पन तू पेटीत कुंकू कशाला लावलंस? सगळं बुडत हुतं."

आईनं निरांजन खाली ठेवलं. "म्या? माझं हात तेलात हुतं गं दिवसभर. त्येंनी लावलं. आंघूळ करून आलं आन सगळ्यात आदी तुझीच पेटी पाटावर मांडली. मग मीटर. म्या इचारलं, हिनं अजून काम कुठं केलंय? तर म्हनलं, केलंय. आन मग झाकण उघडून लावलं, त्येंच्या रीतीनं."

त्या ट्रॉलीत डबा मेला असता तर दादांचं सगळं मनासारखं झालं असतं, पाहुणे आले असते, हॉस्टेल टळलं असतं. आणि डबा मारला त्यांनीच होता, मला कारागीर म्हणून पाटावर बसवण्याच्या नादात. पेटी उघडल्या क्षणी त्यांना आपलं बोट ओळखू आलं असणार. मी आईला बोल लावला तेव्हा ते गप्प राहिले, हे मात्र मी त्यांना कधी पूर्ण माफ केलं नाही, आणि आईनं ते मनावरही घेतलं नाही. मी आईच्या पाया पडले. ती म्हणाली, "मला काय कळतं यातलं," आणि हसली. ट्रॉलीत मी जे बोलले, ते माझ्या आधी घरी पोचलं होतं.

मग आपट्याची पानं घेऊन दुकानात गेले. दादा दिवा न लावता बसले होते. मी सोनं दिलं, पाया पडले. त्यांनी पान सदऱ्याच्या खिशात ठेवलं, कंपासपेटी पुढं ओढली आणि उघडली. पट्ट्या स्वच्छ चमकत होत्या.

"आमच्या पत्र्याला चालतं," ते म्हणाले. "ह्याला चालत न्हाई. मला ठावं नव्हतं." त्यांनी पट्ट्यांवरून हलकंच नख फिरवलं. मग म्हणाले, "पुढल्या साली कुंकू कुठं लावायचं, तेवढं आत्ताच दाखवून ठिव. तवा इचारायला तू हितं नसशील."

मी कर्कटक घेतलं आणि झाकणाच्या आतल्या अंगाला, जिथं पट्टी नाही, टाका नाही, काहीच नाही, तिथं पैशाएवढा गोल आखला. मी नगरला होते, नंतर पुण्याला, नंतर परत नगरला नोकरीत, आणि मामा थकेपर्यंत तो डबा दर शिलंगणाला वाजला. दर खंडेनवमीला दादांनी त्या गोलातच कुंकू लावलं, एकदाही बाहेर गेलं नाही. डबा आता माझ्याकडे आहे. झाकणाच्या आत कुंकवाचा चांगला जाड थर झालाय. त्यावरचा शेवटचा ठिपका दादांच्या बोटाचा आहे, म्हणून मी माझा त्याच्या शेजारी लावते.